वाघाच्या तोंडी घातलेलं वाक्य

लहानपणापासून मला वैऱ्यांच्या मैत्रीच्या गोष्टी आवडतात. मांजर आणि उंदीर एका बशीत दूध पितात, मुंगूस सापाच्या अंड्यांवर पहारा देतं, लांडगा कोकराला पाठीवर घेऊन नदी ओलांडतो, असलं काहीही मला चालतं. आपल्याकडच्या जुन्या गोष्टींत अशी मैत्री बहुधा फार टिकत नाही. शेवटी दोघांपैकी एकाचं पोट भरतं आणि सांगणारा तात्पर्य सांगून मोकळा होतो. ते तात्पर्य मला तेव्हाही पटत नसे. मी रागावून आईला म्हणायची, शेवट बदल. आई म्हणायची, "मी बदलीन गं, पण मांजराला कोण सांगणार?"

पुढे मी शिक्षिका झाले आणि शेवट बदलायचं काम स्वतःच हातात घेतलं. जिल्हा परिषदेची शाळा, पेठ तालुक्यातला एक पाडा, पहिली ते चौथी मिळून दोन वर्ग आणि दोन शिक्षक. दुसरे शिक्षक म्हणजे मोठे गुरुजी, सुरगाण्याकडचे, निवृत्तीला आलेले. मी दिवाळी अंकांच्या बालविभागात गोष्टी लिहायची. शिक्षकांच्या बैठकीत मला 'लेखिका' म्हणून हाक मारायचे. वासरांत लंगडी गाय शहाणी, हे मला कळत होतं, पण हाक ऐकायला बरं वाटायचं हेही खरं.

राहायला मी नाशिक रोडला. पहाटे उठून डबा करायचा, द्वारका चौकातली गर्दी वाढायच्या आत पेठ फाटा गाठायचा, तिथून पाच शिक्षक मिळून ठरवलेली इको गाडी, मग सावळघाट, मग पाड्याच्या फाट्यापासून चालत. संध्याकाळी हेच उलट. अशी चार वर्षं झाली होती. त्या डिसेंबरात मी बदलीचा ऑनलाइन अर्ज भरला. माझ्या जागी कुणीही भरला असता. पाड्यावर मी ते कुणाला सांगितलं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मुलांचा कार्यक्रम असतो. त्या वर्षी मी नाटक लिहिलं. वाट चुकलेलं एक वासरू आणि एक वाघ. तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. थंडीनं कुडकुडणाऱ्या वासराला वाघ आपल्या कुशीत घेतो, सकाळी पाड्याच्या वेशीपर्यंत आणून सोडतो, सगळे गुराखी त्याला मित्र मानतात, एवढीच गोष्ट. वाघाचं काम मी तिसरीतल्या एका मुलीला दिलं. लांब वाक्यं तिच्याइतकी कुणाच्या लक्षात राहत नसत आणि डरकाळी तर अशी फोडायची की पहिलीची पोरं बाकाखाली जायची. लहानखुरी, काटक मुलगी. मला ती आवडायची, आणि शिक्षकाने असं म्हणू नये, पण इतरांपेक्षा जास्त आवडायची.

शेवटी सगळ्या मुलांनी मिळून वाघाला म्हणायचं होतं, 'वाघोबा, आता आमचा पाहुणा हो.' पहिल्याच तालमीत मुलांनी ते वाक्य टाकून दिलं आणि एका सुरात विचारलं, "येशील का आमच्या रानात?" ठेका इतका सुरेख होता की मी तेच ठेवलं. मला वाटलं, पोरांना नाटकाचा सूर सापडला.

ती मुलगी म्हणाली, "नाय येणार!"

पोरं हसत टाळ्या पिटत तिच्यामागे धावली. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "अगं, त्यांची मैत्री झाली ना? मग तो का नाही येणार? 'येईन, रोज येईन' असं आहे."

"वाघ नायच म्हणतो, बाई."

"आपला वाघ तसा नाही."

दुसऱ्या तालमीला पुन्हा तेच. तिसऱ्या तालमीला पुन्हा तेच, आणि त्या वेळी ती विसरली नव्हती, कारण म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं डोकं फिरलं. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावर असतो. मी तिला वहीत ते वाक्य दहा वेळा लिहायला लावलं. तिनं खाली मान घालून लिहिलं. बाकीची पोरं गप्प होती. वीसेक पोरं एकदम गप्प का झाली, एवढं तरी मला विचारता आलं असतं.

कार्यक्रमाला सगळा पाडा आला. बायका ओट्यावर, पुरुष मैदानात उन्हाला पाठ करून. वासराच्या कामाला लोक पोट धरून हसले. मग मुलांनी विचारलं, "येशील का आमच्या रानात?" आणि ती पुढे आली, माझ्याकडे बघितलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "येईन! रोज येईन!"

कुणी टाळी वाजवली नाही. एका बाईनं कडेवरच्या मुलाचं डोकं पदराखाली घेतलं. पुढे बसलेला एक म्हातारा उठला, काठी घेतली आणि खाऊ न घेता चालता झाला. मी ध्वनिक्षेपकावरून आभार मानले ते कोणाचे मानले मला आठवत नाही.

लोक गेल्यावर मोठे गुरुजी माझ्याशेजारी येऊन बसले. तालमींच्या दिवसांत ते निवृत्तीच्या कागदपत्रांच्या मागे तालुक्याला खेपा घालत होते, त्यांनी नाटक त्या दिवशीच पाहिलं. म्हणाले, "बाई, तुम्हाला वाघबारस माहीत नाही?"

मला माहीत नव्हती. दिवाळीची सुट्टी लागली की मी घरी. त्यांनी सांगितलं ते असं. दिवाळीच्या सुरुवातीच्या बारसेला गुराखी घरोघर तांदूळ मागतात, वेशीबाहेर वाघदेवापाशी शिजवतात, नैवेद्य दाखवतात. मग एकाला वाघ करतात. बाकीचे त्याला विचारतात, येशील का आमच्या रानात, खाशील का आमची गुरं? तो म्हणतो, नाय येणार. तीनदा विचारतात, तीनदा म्हणवून घेतात, आणि मग हाकलून लावतात. वर्षभराची बोली तेवढ्यावर असते.

"वाघाचं सोंग घेतलेला माणूस त्या वेळी स्वतःचं बोलत नाही," गुरुजी म्हणाले. "वाघ बोलतो, असं धरतात. आज अख्ख्या पाड्यासमोर वाघानं येतो म्हणून सांगितलं."

त्याच बारसेला मी नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत मातीच्या गाय-वासराला हळदकुंकू वाहत असते. आमची वसुबारस, त्यांची वाघबारस. तिथी एक. आम्ही फक्त गाईशी बोलतो, कारण आमच्या कॉलनीत वाघ येत नाही. हे शहाणपण मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला राग आला होता. म्हटलं, "गुरुजी, चार वर्षं मी यांच्या पोरांना विज्ञान शिकवतेय."

"शिकवा की," ते म्हणाले. "कुणी नको म्हटलंय?"

चौथ्या दिवशी भर दुपारी ओहोळावरून बिबट्यानं शेळी उचलली. गाभण होती. ती शेळी त्या मुलीच्या घराला लागून असलेल्या घरातली. गुरुजी म्हणाले, "बोलाफुलाला गाठ पडली, बाई. दुसरं काय." मलाही तसंच वाटत होतं. जंगल आहे, बिबटे आहेत, शेळी जाणारच. पण पाड्यावर दुसरं कुणी तसं म्हणत नव्हतं.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. पूर्वीसारखाच चहा विचारत होते. सगळं त्या पोरीवर गेलं. वर्गात तिच्या शेजारची मुलगी सरकून बसली, मग तिच्या शेजारची. तिच्या घरचं कुत्रं ओरडलं की शेजारी दार लावून घेत. पोरीनं बोलणं टाकलं. तिची आई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली, वर आली नाही.

"बाई, तिला वाघाचा काम नव्हता द्यायचा."

"तिचा काय दोष? मी सांगितलं तेच ती बोलली."

"तुमी सांगला ते आमाला ठावा हाय. वाघाला कोण सांगल?"

मला आईचं मांजर आठवलं.

नंतरच्या सोमवारी मोठे गुरुजी बैठकीला तालुक्याला गेले होते. शाळेत मी एकटी. मधल्या सुट्टीत खिचडी वाढून झाली, पोरं हात धुऊन आली, आणि रांगेत एक जागा रिकामी दिसली. खिचडी करणारी बाई म्हणाली, "ती? तिनं पळसाच्या पानात मागून घेतली. मला वाटला घरी लहान्याला नेते."

घरी ती नव्हती. घराला कडी होती. आई लाकडांना गेलेली, बाप द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे. मी परत येऊन मुलांना विचारलं. कुणी बोलेना. मी ओरडले. तरी कुणी बोलेना. शेवटी पहिलीतली एक चिमुरडी म्हणाली, "वाघदेवाकडं."

वाघदेव ओहोळापलीकडे, टेकाडावर, शेळी गेली त्याच अंगाला.

पाड्यावर त्या वेळी धड चालणारा पुरुष नव्हता, सगळे मळ्यांवर. फोनला रेंज फक्त शाळेच्या मागच्या दगडावर, आणि त्या दिवशी तिथेही नव्हती. मी मुलांना वर्गात बसवलं, खिचडीवाल्या बाईला म्हटलं आतून कडी लाव. तिनं माझ्या हातात एक स्टीलची थाळी आणि पळी दिली. "वाजवत जा. गप्प जाऊ नका."

मी वाजवत गेले. भाताची खाचरं कापून रिकामी पडली होती, तोवर ठीक होतं, लांबवर दिसत होतं. ओहोळ ओलांडला आणि साग सुरू झाले. सागाचं वाळलेलं पान पायाखाली पापडासारखं मोडतं. माझाच पाय पडायचा आणि मीच दचकायची. थाळी वाजवली की दुसरा कुठलाच आवाज ऐकू यायचा नाही, आणि थांबवली की सगळेच आवाज ऐकू यायचे. मी तिचं नाव घेऊन हाका मारत होते.

पाऊलवाटेवर एका जागी मऊ धूळ होती आणि धुळीत ठसा होता. मी वाकले. कुत्र्याच्या पंजाला पुढे नखं उमटतात, बिबट्याच्या उमटत नाहीत, तो नखं आत घेऊन चालतो. हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. या ठशाला नखं नव्हती. बाजूला तिच्या अनवाणी पायाचा ठसा होता, आणि कुठला आधीचा, कुठला नंतरचा, ते मला सांगता येईना. फळ्यावर ते कधी काढलं नव्हतं.

त्यापुढचं मी पळत गेले. थाळी वाजवायचं भान राहिलं नाही.

ती होती. एका जुन्या लाकडी फळीसमोर उकिडवी बसली होती. फळीवर वरती सूर्य-चंद्र, खाली वाघ कोरलेला, शेंदूर माखलेला. पुढे पळसाच्या पानावर खिचडी, आणि दगडाखाली दाबलेलं वहीचं पान. 'येईन, रोज येईन' दहा वेळा, आणि दहाही ओळींवर पेन्सिलीनं इतक्या जोरात रेघा मारलेल्या की कागद फाटला होता.

मी तिला उचलून छातीशी धरलं. मग हलवलं. मग बहुतेक एक चापटही मारली. "चल. आत्ताच्या आत्ता चल."

ती हलली नाही. "झाला नाय अजून."

"काय झालं नाही?"

"मीच इचारला, मीच सांगला. तसा चालत नाय. दोघं लागतात."

मी म्हटलं, बरं, मी विचारते, तू सांग, आणि चल. तिनं मान हलवली. रडत नव्हती. "मी नायच म्हणला होता. तीनदा म्हणला. तुमी बदलला, तुमीच लिवला. तुमी वाघ व्हा."

खालच्या ओघळीत एक वानर खाकरलं. एकदाच, मग थोडं थांबून पुन्हा. वानर असं कशाला पाहून खाकरतं तेही मी शिकवते. मी ओघळीकडे बघितलं. तिनंही तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "ऐकतो आहा."

मी वाद घातला नाही. मनात विज्ञान वगैरे काही नव्हतं, एवढंच होतं की हिचं समाधान झाल्याशिवाय ही इथून उठणार नाही आणि हिला ओढत नेण्याचं बळ माझ्या पायांत नाही. मी थाळी खाली ठेवली आणि त्या फळीसमोर गुडघे-हात टेकले. साडीच्या निऱ्या धुळीत. चाळिशीची बाई, वाघ झाले.

ती माझ्यासमोर उभी राहिली. "येशील का आमच्या रानात?"

"नाही येणार."

"मोठ्यानं."

"नाही येणार."

"वाघ असा नाय बोलत." तालमीत मी तिच्याशी बोलायची तोच सूर.

"नाय येणार," मी म्हटलं.

"येशील का आमच्या रानात?"

"नाय येणार."

"येशील का आमच्या रानात? खाशील का आमची गुरं?"

"नाय येणार, नाय खाणार," मी ओरडले, आणि ओरडता ओरडता मला रडू फुटलं. भीतीचं होतं की लाजेचं, अजून सांगता येत नाही. तिनं पळसाची एक डहाळी उचलून माझ्या पाठीवर हळूच मारली, हाकलल्यासारखी. मग माझा हात धरला. आम्ही फळीकडे तोंड ठेवून थोडं मागे मागे चाललो, आणि वाट आली तशी वळलो.

ओहोळ ओलांडून खाचरांत आल्यावर तिनं विचारलं, "बाई, 'नाय येणार' ते तुमी वाघ म्हणून बोलला ना? शाळंत येशाल ना?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "येईन. रोज येईन."

तिचा हात माझ्या हातात होता. तो सैल झाला, पहिल्यांदाच. बदलीचा अर्ज भरलेला आहे हे मला त्या वेळी आठवलं नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. आठवलं होतं.

संध्याकाळी पोरीनं घरी सांगितलं, घरच्यांनी पाड्याला. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची मुलगी पुन्हा जवळ सरकून बसली. कार्यक्रमातून उठून गेलेला म्हातारा शाळेपाशी आला, माझ्या हातावर मूठभर भाजलेले वाल ठेवले आणि काठी टेकत परत गेला. शेळ्या-गुरं पुन्हा गेली नाहीत. खालच्या गावात पिंजरा लागला होता, कदाचित त्यामुळे असेल.

मे महिन्यात आदेश आला. घरापासून स्कूटीवर वीस मिनिटांची शाळा. घरच्यांनी पेढे आणले. मी पाड्यावरही पेढे घेऊन गेले, शाळेला सुट्टी होती तरी मुलं जमली. मी सगळ्यांना सांगितलं. पोरांनी पेढे खाल्ले, एक-दोघी रडल्या. ती रडली नाही. पेढा हातातच होता. सगळे पांगल्यावर ती माझ्या वाटेत येऊन उभी राहिली, फळीसमोर उभी होती तशी.

"येशील का आमच्या रानात?"

मी म्हटलं, "अगं, फोन करेन ना मी. दिवाळीला..."

"येशील का आमच्या रानात?"

गाडीवाला फाट्यावर हॉर्न देत होता. मोठे गुरुजी ओट्यावरून बघत होते. ती वाट पाहत होती, आणि खोटं बोलायची सोय तिनं ठेवली नव्हती.

"येशील का?"

"नाय येणार," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली, बाजूला झाली आणि मला वाट दिली.

मोठे गुरुजी आता निवृत्त झालेत, पण पाड्याची खबर ठेवतात. वाघ पुन्हा आला नाही, म्हणतात. मीही गेलेले नाही.